मधल्या सीट काढून

मला टीममध्ये घेतलं ते माझ्या हाताला चव आहे म्हणून नव्हे, माझ्याकडे मिनीव्हॅन आहे म्हणून. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे मी बार्बेक्यूबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी बोलले, तर त्या कितपत मनावर घ्यायच्या हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

कॅन्सस सिटीच्या दक्षिणेला ओव्हरलँड पार्क नावाचं उपनगर आहे. तिथे आमच्या शेजारी एक निवृत्त जोडपं राहतं. समोर असले की मी त्यांना नावाने हाक मारते, कारण इथे तशी रीत आहे. मनात मात्र ते काका आणि काकूच. सत्तरीच्या माणसाला नुसतं नावाने बोलवायला माझी सांगलीची जीभ अजून सरावलेली नाही. काकांना स्पर्धेतल्या बार्बेक्यूचं वेड. उन्हाळा लागला की शुक्रवारी सकाळी त्यांच्या पिकअप ट्रकला एक भलामोठा ट्रेलर जोडला जायचा आणि रविवारी तो धुराचा वास घेऊन परत यायचा. आत दोन पलंग, एसी, बेसिन, फ्रीज. मागे उघडी पडवी आणि त्या पडवीत नटबोल्टांनी पक्का बसवलेला लोखंडी स्मोकर. तो तापला की हात लावायची सोय नाही आणि गार असला तरी चार माणसांना हलत नाही.

गेल्या वर्षी हा ट्रेलर विकला गेला. कारणं साठत आली होती. वसाहतीच्या नियमाप्रमाणे ट्रेलर घरासमोर उभा करता येत नाही, म्हणून तो गावाबाहेर भाड्याच्या जागेत. त्याचे टायर, त्याचा विमा, तो ओढायला लागणारा ट्रक. आणि शेवटी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ट्रेलर रिव्हर्स घेताना मागे उभं राहून हातवारे करायचं काम काकूंकडे होतं. आमची भांडणं झाली ती सगळी या एका कामावरून, असं त्या सांगतात. ट्रेलर गेला तेव्हा मला वाटलं, सुटला नाद. मग एका संध्याकाळी काका हातात मोजायची टेप घेऊन आमच्या दारात उभे. म्हणाले, "तुझ्या गाडीच्या मधल्या सीट निघतात का गं?"

तोवर बार्बेक्यू म्हणजे मागच्या अंगणात गॅसची शेगडी पेटवायची आणि तिच्यावर मसाला लावलेले चिकनचे तुकडे भाजायचे, एवढीच माझी समजूत. काकांनी पहिल्याच बैठकीत ती मोडीत काढली. स्पर्धेत मांस गॅसवर शिजवायचं नाही, विजेवर तर नाहीच. लाकूड, कोळसा किंवा लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, एवढंच इंधन. हे नियम कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीचे. ही संस्था १९८५ साली इथेच सुरू झाली आणि आज देशभरातल्या शेकडो स्पर्धा तिच्या नियमांनी चालतात. मांसाचे प्रकार चार: चिकन, डुकराच्या बरगड्या म्हणजे रिब्ज, डुकराचा खांदा आणि ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचा भला थोरला तुकडा. शनिवारी १२ वाजता चिकन, मग दर अर्ध्या तासाने पुढचं, १.३० ला ब्रिस्केट. ठरल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं, एवढीच फट. सहाव्या मिनिटाला पोहोचलेल्या डब्याला कुणी विचारत नाही.

डबा म्हणजे थर्माकोलचा पांढरा, नऊ इंची, झाकणाचा. त्यावर खूण नाही, नाव नाही. एका टेबलावर सहा परीक्षक, म्हणून डब्यात निदान सहा जणांना पुरेल इतके तुकडे. परीक्षक रूप, चव आणि मऊपणा या तिन्हींना जास्तीत जास्त ९ गुण देतात. चवीला निम्म्याहून जास्त वजन, त्याखालोखाल मऊपणा, रूपाला सगळ्यांत कमी. सहांपैकी सगळ्यांत कमी देणाऱ्या परीक्षकाचे गुण बाद होतात आणि उरलेल्या पाचांचे मिळून पैकीच्या पैकी १८० होतात.

मी विचारलं, "म्हणजे मांस कशात शिजलं, हे परीक्षकांना कळतच नाही?"

"नाही."

"ट्रेलरही दिसत नाही त्यांना?"

"नाही."

"मग इतकी वर्षं तो कशासाठी ओढत होतात?"

काकूंना हसू फुटलं. काकांनी उत्तर दिलं नाही. टेप गुंडाळायला घेतली.

माझीही एक अट होती, ती मी तेव्हाच सांगितली. मी मटण खाते, चिकन खाते, डुकराचं एखाददुसऱ्या वेळी खाल्लंय. ब्रिस्केट मी खात नाही. काकांना ते मुळीच खटकलं नाही. चव बघायला आम्ही दोघं पुरे, म्हणाले, तू सामान सांभाळ. अशी मी टीमची सामानवाली झाले. त्यात काय काय येतं, याची मला काडीची कल्पना नव्हती.

पुढच्याच आठवड्यात काकांनी ट्रेलरमधून उतरवलेलं सगळं त्यांच्या गॅरेजच्या फरशीवर मांडलं. गाडी बाहेर काढावी लागली. चिमटेच आठ. थर्मामीटर सहा, त्यांतले दोन बंद. तीन फोल्डिंग टेबलं, पाच खुर्च्या, जनरेटर, पंखा, दोन बर्फपेट्या, एक उभी उष्णपेटी, दिव्यांच्या माळा, टीमच्या नावाचा कापडी फलक, फलकाचे खांब. मसाल्यांच्या बरण्या मोजायच्या मी सोडून दिल्या. शिवाय कुलूप घातलेली एक पेटी होती. तिच्यात काय आहे, हे काकांनाच आठवत नव्हतं, पण ती न्यायची यावर ते ठाम होते.

मी माझा हुकाचा काटा घेऊन गेले होते, भारतातून परतताना बॅगा तोलायचा. तेवीस किलोच्या आत बॅग बसवणं हे इथे राहणाऱ्या मराठी बाईचं खरं शिक्षण. गोडा मसाला, भाजणी आणि सासूबाईंनी ऐनवेळी दिलेली लोणच्याची बरणी या शिक्षणाच्या जोरावरच इथवर येतात. मला वाटलं, निदान इथे तरी माझं काही चालेल. पण व्हॅनचं गणितच वेगळं निघालं. वजनाची मर्यादा यायच्या कितीतरी आधी जागा संपते. बॅगेत कपडे दाबता येतात. इथे नवा स्मोकर गोल, कनॉपी म्हणजे घडीचा मांडव लांबलचक, कोळशाची पिशवी ढिली, आणि गोल वस्तूवर काही रचलं की ते पहिल्याच वळणावर खाली येतं. काटा मी मुकाट्याने पर्समध्ये ठेवला.

काय ठेवायचं आणि काय नाही, यावर बराच वाद झाला. मी नवखी असल्यामुळे प्रत्येक वस्तूला "हे कशाला?" विचारायची मला मुभा होती, आणि त्या प्रश्नाला दर वेळी उत्तरादाखल एक गोष्ट मिळायची. तिसरं टेबल का, तर एकदा आयोवात पाऊस आला आणि जमिनीवर ठेवलेलं सगळं भिजलं. सहा थर्मामीटर का, तर एका वर्षी ऐन पहाटे दोन एकदम बंद पडले. जनरेटर का, तर एका मैदानात वीज देतो म्हणून सांगितलं होतं आणि दिली नाही. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या ढिगातल्या निम्म्या वस्तू रांधायच्या नव्हत्याच. कधीतरी घडलेल्या एकेका फजितीवर काकांनी एकेक वस्तू बसवली होती आणि ट्रेलरमध्ये जागा होती म्हणून तिथेच राहू दिली होती. त्यांना वस्तूंची माया नव्हती, त्या फजित्यांचा धाक होता. हे मी बोलून दाखवलं नाही. काकू बोलल्या. "ते तुफान येऊन गेलं रे," असं म्हणून त्यांनी तिसरं टेबल भिंतीला लावून ठेवलं.

खरा प्रश्न स्मोकरचा. जुना स्मोकर ट्रेलरसोबत गेला होता. त्याच्या एका बाजूला आगपेटी होती, तिच्यात दर पाऊण तासाने ओंडका घालायचा, रात्रभर. म्हणून तर पलंग लागायचे: एकाने झोपायचं, दुसऱ्याने आग सांभाळायची. त्याच्या जागी काकांनी आणले वेबर कंपनीचे दोन स्मोकी माउंटन कुकर, अठरा इंची. दिसायला काळी कुळकुळीत, पोटफुगी बंदुकीची गोळी. हा कुकर १९८१ पासून बाजारात आहे. त्याचे तीन भाग सुटे होतात: खाली कोळशाची वाटी, मध्ये दोन जाळ्यांचा गोल, वर घुमटासारखं झाकण. एकेकाचं वजन अठरा किलोच्या आसपास. मला एकटीला उचलता येतो, आणि प्रवासात त्याच्या मधल्या पोकळ गोलात पाण्याचं पसरट भांडं, कोळसा पेटवायची चिमणी, फॉइलचे रोल आणि हातमोजे सगळं मावतं. रिकामी पोकळी दिसली की ती भरायची, हा तेवीस किलोंचा नियम इथे अखेर कामी आला.

पण दोन बुटक्या कुकरांवर चार प्रकारचं मांस कसं होणार? ट्रेलरवाला स्मोकर एवढा मोठा होता की काका दोन ब्रिस्केट आणि चार खांदे एकदम चढवायचे आणि त्यांतलं उत्तम ते डब्यात घालायचे. आता एक ब्रिस्केट, दोन खांदे. निवडीला वावच नाही. काकांना हे ट्रेलर विकण्यापेक्षाही जड गेलं असावं. मला मात्र वाटतं, पैसे वाचले ते वेगळेच, पण सहा तुकड्यांसाठी एवढं मांस शिजवणं ही तशीही अघोरी गोष्ट होती.

उत्तर निघालं वेळापत्रकात. पहिल्या कुकरवर मध्यरात्री ब्रिस्केट आणि खांदे. दुसऱ्यावर सकाळी साडेसहाला रिब्ज. नवाच्या सुमारास पहिला मोकळा झाला की त्यातलं पाणी काढून टाकायचं, झरोके उघडायचे, आच वाढवायची आणि सव्वादहाला त्याच निखाऱ्यांवर चिकन. चिकनला तशीही जास्त आच लागते, नाहीतर त्वचा रबरासारखी होते. तिसऱ्या कुकरचं काम एका कागदाने केलं. तो कागद आम्ही बर्फपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. बर्फ घ्यायला झाकण उघडलं की पुढची वेळ डोळ्यांसमोर.

एकदा हे जमल्यावर काका उत्साहाने प्रत्येक वस्तूला दोन-दोन कामं वाटायला लागले. भांडी धुवायचे तीन टब एकात एक बसतात, म्हणून प्रवासात त्यांत सुऱ्या-चिमटे. पाण्याचे चार कॅन रिकामे न्यायचे, मैदानावरच्या नळावर भरायचे आणि कनॉपीच्या चार पायांना बांधायचे, म्हणजे वाऱ्यासाठी वाळूच्या पिशव्या नकोत. उष्णपेटी बाद, तिच्या जागी साधी बर्फपेटी. जाड भिंतींची पेटी जशी थंड ठेवते तशी गरमही ठेवते. आत उकळतं पाणी ओतून ती तापवायची, पाणी फेकायचं, टॉवेलात गुंडाळलेलं मांस ठेवून झाकण लावायचं, की चार तास ते साठ अंशांच्या वर राहतं. साठच्या खाली येऊ देणं नियमातही बसत नाही आणि पोटालाही मानवत नाही.

इथे काकांचा वारू उधळला. म्हणाले, मग एकच पेटी पुरे की! येताना हिच्यात बर्फ आणि कच्चं मांस, सकाळी धुऊन तिच्यातच शिजलेलं.

काकूंनी हातातली फडकी खाली ठेवली. "कच्चं होतं त्या पेटीत शिजलेलं नाही जायचं."

"धुऊन घेऊ ना. ब्लीचने."

"नाही."

माझी आजी अशाच आवाजात 'नाही' म्हणायची. त्या 'नाही'वर अपील नसतं. दोन पेट्या आल्या. फरक एवढाच की दुसरी पेटी जाताना रिकामी नाही. तिच्यात टॉवेल, फॉइल, पांढरे डबे, हातमोजे. फलक आणि त्याचे खांब राहिले. दिव्यांच्या माळा राहिल्या. डोक्याला बांधायचे दोन दिवे पुरले. अग्निशामक मात्र काढता येत नाही, तो नसेल तर नियमात बसत नाही. कुलूपवाली पेटी काकूंनी हातोडीने उघडली. आत जुन्या स्पर्धांचे पास निघाले आणि वाळलेल्या सॉसची एक बाटली.

बरंचसं काम घरी उरकता येतं, हा आणखी एक शोध. मांस आधी कापून-साफ करून नेता येतं. फक्त त्याला मीठ-मसाला, मॅरिनेड, इंजेक्शन यांतलं काहीही लागलेलं चालत नाही. मैदानावर पोहोचल्यावर तपासनीस येऊन कच्चं मांस बघतात, ते चार अंशांच्या खाली थंड आहे ना ते पाहतात, मग मसाल्याला हात लावायचा. म्हणून चिकनच्या मांड्यांची हजामत गुरुवारी रात्री काकूंच्या ओट्यावर झाली. हजामतच म्हणायची. त्वचा सोलायची, आतली चरबी सुरीच्या पाठीने खरवडायची आणि ती पातळ त्वचा परत मांडीभोवती लपेटायची, म्हणजे परीक्षकाने चावल्यावर सबंध त्वचा ओढली जात नाही. सांगलीत आमच्याकडे कोंबडी सोललेलीच येते. त्वचेचं एवढं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

व्हॅन भरायचं काम माझं. जे तिथे आधी लागणार ते शेवटी भरायचं, म्हणजे कनॉपी अगदी दाराशी. पण ती सगळ्यांत लांब, म्हणून तिची जागा आधीच ठरवून मोकळी ठेवायची. कोळसा सगळ्यांत खाली. वाहताना काकांनी सांगितलं, या दाबलेल्या कोळशाच्या वड्या बाजारात रुळवल्या त्या हेन्री फोर्डने: १९२० च्या दशकात मिशिगनमध्ये मोटारींसाठी लाकूड कापताना उरणाऱ्या भुशाचं आणि तुकड्यांचं काय करायचं म्हणून. माझ्या टोयोटात फोर्डचा भुसा चाललाय, यावर ते स्वतःच हसले.

मैदान कॅन्ससमधल्या एका छोट्या गावातल्या बागेत होतं. आमच्या दोन्ही बाजूंना ट्रेलर. डावीकडच्याला वरती टीव्ही लावायची सोय होती. आम्ही आमची दहा बाय दहाची कनॉपी उभारली, दोन टेबलं लावली, कुकर ठेवले आणि पाऊण तासात काही करायला उरलंच नाही. काका अस्वस्थ. इतकी वर्षं ट्रेलर समपातळीत आणण्यात, वायरी जोडण्यात शुक्रवारची दुपार जायची. ते उठून शेजाऱ्यांना मदत करायला गेले.

रात्री जे पाहिलं ते मला अजूनही थोडं जादूसारखं वाटतं. कोळशाची वाटी न पेटवलेल्या वड्यांनी काठोकाठ भरायची. चिमणीत वेगळे मूठभर निखारे लाल करायचे आणि ते वरून पसरायचे. खालचे झरोके जवळजवळ बंद. हवा एवढीशीच मिळते, त्यामुळे आग वरून खाली, वडीवरून वडीवर, रांगत जाते आणि एका भरणीत रात्र निघते. ही पद्धत वॉशिंग्टन राज्यातल्या जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाते. तेही असाच कुकर घेऊन स्पर्धेत उतरले होते आणि तिथेच त्यांना ही युक्ती सुचली. मध्ये पाण्याचं पसरट भांडं ठेवलं की आच एकदम चढत नाही. मला सारखं झाकण उघडून बघावंसं वाटत होतं. काकांनी बजावलं, झाकण उघडलं की हवा आत जाते, हवा गेली की निखारे खवळतात. थर्मामीटरची तार बाहेर आहे, तिच्यावर विश्वास ठेव. आमच्याकडे चूल म्हणजे फुंकत बसायची गोष्ट. काही न करणं हेच काम, हे पचायला मला मध्यरात्र झाली.

ब्रिस्केट जाळीपेक्षा लांब होतं. जाळीचा व्यास साडेअठरा इंच, आणि सहा किलोंहून जड तो तुकडा दोन्हीकडून बाहेर डोकावणारा. काकांनी मधोमध लाकडाचा एक ठोकळा ठेवला आणि मांस त्याच्यावर कमानीसारखं वाकवलं. दोन तासांत आक्रसेल, म्हणाले. आक्रसलं.

काकू व्हॅनमध्ये झोपल्या. मधल्या सीट काढल्यामुळे सपाट जागा होतीच. मी खुर्चीत. तीनच्या सुमारास मांसाचं तापमान सत्तर अंशांपाशी आलं आणि थांबलं. तास गेला, दीड तास गेला, आकडा हलेना. मी काकांना हलवून उठवलं, कुकर विझला वाटतं. विझला नव्हता. मांसातून निघणारा ओलावा उडताना मांसालाच गार करतो, म्हणून तिथे ते घोटाळतं. पाचच्या पुढे काकांनी ते फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं, ओलावा कोंडला आणि आकडा मुकाट चढायला लागला. पंचाण्णव अंशांपाशी, नवाच्या आधी, सगळं पेटीत. पेटी तापवायचं पाणी चिमणीतल्या निखाऱ्यांवरच उकळलं होतं, म्हणजे स्टोव्हही आणावा लागला नाही.

सकाळी मला पार्सली निवडायला बसवलं. डब्यात मांसाखाली हिरवं अंथरूण घालायची चाल आहे. घालायलाच हवं असं नाही, पण घातलं तर हिरवं लेट्यूस, पार्सली, कोथिंबीर आणि केल एवढंच चालतं. लाल कडेचं लेट्यूस चुकून गेलं तर रूपाचे गुण गेले. काकूंचा हट्ट कुरळ्या पार्सलीच्या हिरवळीचा: एकेक तुरा खुडून दाटीवाटीने उभा रोवायचा. कोथिंबीर निवडण्यात ज्या बाईची उमर गेली तिला हे काय अवघड? चारही डबे मी भरले. माझ्या मते हा सगळा प्रकार फुकटचा आहे आणि सामान कमी करायचं तर आधी ही पार्सली जायला हवी. पण डबे दिसत होते देखणे.

रिब्जवर मात्र माझा आणि बार्बेक्यूचा खरा मतभेद झाला. काका एक तुकडा पुढे करून म्हणाले, चाव. मी चावला. दातांची स्वच्छ खूण उमटली, बाकीचं मांस हाडाला तसंच. मी म्हटलं, अजून अर्धा तास हवं. आमच्याकडे मटण हाडापासून सुटलं नाही तर कच्चं म्हणतात. काकांना आनंद झाला. सुटलं तर परीक्षक जास्त शिजलं म्हणतात, हीच खूण हवी! मऊपणाचं माप एवढं वेगळं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तो तुकडा संपवला, पण पटलं मात्र नाही.

मधल्या वेळात एक लाजिरवाणी गोष्ट घडत होती, निदान काकूंच्या मते. काकांनी सामान कमी करताना स्वतःशीच एक नियम केला होता: जे शेजाऱ्याकडे मागता येतं ते आणायचं नाही. बर्फ कमी पडला, डावीकडून आणला. फॉइल संपलं, उजवीकडून. बार्बेक्यूवाले देतातही सढळ हाताने. एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत हे त्यांना दुपारी बाराच्या आत आठवत नाही. पण काकूंचा चेहरा उतरला. "आपण कमी आणलं नाही, त्यांच्या ट्रेलरमध्ये ठेवलं," असं त्या म्हणाल्या, आणि मला ते अगदी खरं वाटलं. धारदार सुरी आणि चांगला थर्मामीटर मागता येत नाही. बाकी जवळजवळ सगळं मागता येतं. सगळेच जण व्हॅन घेऊन आले तर काय होईल, याचं उत्तर काकांकडे नव्हतं.

बारा ते दीड हा दीड तास मला धड आठवत नाही. दर अर्ध्या तासाला डबा दोन्ही हातांत आडवा धरून मी परीक्षकांच्या तंबूपर्यंत चालत जायची. पळायचं नाही, वाकवायचं नाही, कुणी बोलावलं तरी थांबायचं नाही. डाव्या ट्रेलरचा माणूसही तसाच डबा धरून माझ्या पुढे चालत होता. त्याचा डबा आणि माझा डबा तंतोतंत सारखा.

निकालाचं थोडक्यात सांगते. प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या दहांची नावं पुकारतात. डुकराच्या खांद्यात आमचं आलं, नववं. चिकन बरं, रिब्ज मध्यावर, ब्रिस्केट बरंच खाली. काकांचं म्हणणं, दुसरं ब्रिस्केट असतं तर. असेलही. ट्रेलर असताना ते कधी पहिल्या तिनांत यायचे, कधी शेवटच्या तिनांत. म्हणजे नववं येण्यात व्हॅनचा हात किती, हे सांगणं अवघड. कॅन्सस सिटीत बार्बेक्यूच्या धंद्याचा पाया घालणारा हेन्री पेरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मांस विकायचा, हे काका येता-जाता ऐकवतात. ट्रेलर होता तेव्हा त्यांनी ते कधी ऐकवलं नव्हतं.

आवरताना कळलं की ट्रेलरचा खरा फायदा शनिवारी संध्याकाळी असतो. त्यात सगळं कोंबायचं आणि दार लावून निघायचं. व्हॅनमध्ये तापलेला कुकर ठेवता येत नाही. झरोके आणि झाकण बंद करून निखारे गुदमरून विझेपर्यंत थांबावं लागतं. बक्षीस समारंभ संपला तरी कुकर कोमटच. राख भरायला झाकणाचा पत्र्याचा डबा हवा, तो यादीत नव्हता, अर्थात शेजाऱ्याकडून. कोळसा जळून गेला, मांस संपलं, बर्फ वितळला, तरी परतीचं सामान जास्त जागा खातं. चिकट जाळ्या एकात एक घालता येत नाहीत, ओले टॉवेल दबत नाहीत, आणि जाताना कुकरच्या पोटात जे गेलं होतं ते आता तिथे जाऊ देववत नाही. कनॉपी शेवटी माझ्या आणि काकूंच्या मांडीवरून आली.

पुढची स्पर्धा मिसुरीत आहे. काकांना आता हलकं होण्याचाच नाद लागलाय: दुसरा कुकरही घरी ठेवू, सगळं एकावर, तापमान जरा चढं ठेवून. काकू म्हणतात, ठेवा, म्हणजे त्या जागेत राखेचा डबा आणि फॉइलचे चार रोल मावतील, कुणाच्या दारात जायला नको. मी काकूंच्या बाजूने आहे. पार्सलीचा विषय अजून कुणापुढे काढलेला नाही.